पाणी सोडण्याची वही

१

सोमवारी सकाळी पाणीपुरवठा खात्यातलं तिसरं कपाट उघडलं, तेव्हा त्यात नको ते सगळं होतं. फुटलेल्या मीटरांच्या काचा होत्या, चार वर्षांपूर्वीची दिनदर्शिका होती, कुणाचा तरी एकाच पायाचा गमबूट होता. हवी होती ती एकच वस्तू मात्र नव्हती. पाणी सोडण्याची वही गायब झाली होती.

वही दिसायला साधी, निळ्या पुठ्ठ्याची. टेकडीच्या माथ्यावर गावाची टाकी आणि टाकीच्या पायथ्याशी दोन मोठे व्हॉल्व्ह. एकातून पाणी टेकडीवरच्या बंगल्यांना जायचं, दुसऱ्यातून खालच्या वस्तीला. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवून उघडला आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे चावीवाल्याने रोज त्या वहीत लिहायचं. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. पण गेल्या महिन्यात खालच्या वस्तीत काविळीची साथ आली आणि दोन माणसं गेली. डॉक्टरांनी लिहून दिलं की नळांना जोर नव्हता म्हणून फुटक्या नळांतून गटाराचं पाणी आत शिरलं. जोर का नव्हता, याची सुनावणी बुधवारी होती.

चौकशीचं काम आलं तक्रार विभागातल्या बाईंकडे. या विभागात त्या एकट्याच होत्या. जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि डोक्यावरून दिवसभर वर-खाली जाणारे पाय. सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. त्या नावात थोडी थट्टाही होती, कारण त्यांच्या चौकशीने आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. बाई नेटका अहवाल लिहीत, शेवटी ‘यापुढे दक्षता घ्यावी’ असं एक वाक्य घालत, आणि तो अहवाल असल्याच एखाद्या कपाटात जाऊन पडे. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

“फार खोलात जाऊ नका,” आयुक्तांनी त्यांना बोलावून सांगितलं. “कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे. एक कारकुनाकडे, एक चावीवाल्याकडे. चावीवाल्याला आज निलंबित केलंय. तुमचं एक पान आलं की त्याला काढून टाकता येईल.”

“पानात काय लिहायचं हे ठरलेलंच असेल, तर मी कशाला हवी?”

“सहीला,” आयुक्त म्हणाले. ते अजिबात थट्टा करत नव्हते.

२

चावीवाल्याला सगळं खातं मामा म्हणे. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, पेन्शनला दीड वर्ष बाकी. ते बाईंच्या खोलीत आले आणि खुर्ची असून उभेच राहिले.

“वही शनिवारी दुपारी मी कपाटात ठेवली, बाई. त्यानंतर पाहिली नाही.”

“तिच्यात काय होतं?”

“रोजचंच. टेकडी पूर्ण, वस्ती चार.”

“चार म्हणजे?”

“चार फेरे. तीन वर्षं झाली. पाणी समितीच्या सभापतींच्या कचेरीतून फोन येतो, वस्तीला चारच सोडा म्हणून. कागद कधी येत नाही. मी वहीत लिहून ठेवतो, तोंडी आदेश, अमुक वाजता.” त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “मी राहतो तिथंच, बाई. वस्तीतच.”

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. स्वतःच्या घराचं पाणी स्वतःच्या हाताने तोडणारा माणूस त्यांनी याआधी पाहिला नव्हता.  मग त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि मामांना घरी पाठवलं.

अभियंता साहेबांचं टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यावर काम होत असेल अशी शंकाही येऊ नये. ते मोजकं बोलले. वही त्यांच्या अखत्यारीत नव्हती, फोनबद्दल त्यांना कल्पना नव्हती.

“वस्तीचा व्हॉल्व्ह नादुरुस्त तर नाही ना?” बाईंनी विचारलं.

“छे. जुना मोडला होता, तो अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः उभं राहून बदलून घेतला. लहान मापाचा आहे, पण पक्का. त्याचे कागदोपत्री सोपस्कार तेवढे मागं राहिले.”

कारकून तिशीचा, गेली दोन वर्षं कंत्राटावर. त्याच्या खोलीत शिरल्यावर बाईंना बरं वाटलं, कारण तिथली प्रत्येक फाइल जागच्या जागी होती. त्याच्या मागच्या भिंतीवर गावच्या नळांचा मोठा नकाशा होता, आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी बारीक आकडे.

“माझ्याकडून आजवर एक चिठ्ठी हरवलेली नाही, मॅडम,” तो म्हणाला. दुखावला गेला होता बिचारा. “मामांच्या वहीवरून दर महिन्याचा गोषवारा मीच काढतो. त्यांचं लिहिणं अघळपघळ. रकाना फेऱ्यांचा, आकडा लिहायचा सोडून हे ‘पूर्ण’ असा शब्द लिहिणार. कितीदा सांगितलं.”

“वस्तीला ते चार फेरेच सोडायचे म्हणतात.”

“चोवीस फेऱ्यांचा व्हॉल्व्ह आहे तो. चारच सोडायचं कोण सांगेल? त्यांच्या मनाचं असेल.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “टँकरवाल्यांशी कुणाचं काय असतं, कोण सांगणार?”

“तुम्ही टाकीवर जाता का कधी?”

“चढ फार आहे, मॅडम. एकदा निघालो होतो, अर्ध्यातून परत आलो.”

शेवटी बाई सभापतींच्या बंगल्यावर गेल्या. हिरवळीवर पाण्याचे फवारे गोल गोल फिरत होते, आणि सभापती त्यांचे शिंतोडे चुकवत खुर्ची सरकवत होते. माणूस गोडबोल्या. वस्तीचं दुःख त्यांना स्वतःचं दुःख वाटत होतं.

“मी तर पहिल्यापासून सांगत आलो, लोकांना भरपूर पाणी द्या. आमच्या मेहुण्याचे टँकर वेळेवर गेले म्हणून तर माणसं तगली.”

“टँकर फुकट जातात?”

“अहो, डिझेल काय फुकट मिळतं?” सभापती हसले.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या खोलीच्या दारात शिपाई उभा होता. वही सापडली होती. टाकीवरच्या मामांच्या पत्र्याच्या पेटीत, रिकाम्या गोणपाटाखाली.

३

निळा पुठ्ठा, कोपरे मळलेले. बाईंनी एकेक पान उलटलं. प्रत्येक पानावर, प्रत्येक दिवशी एकच नोंद होती. टेकडी, ३२ फेरे. वस्ती, २४ फेरे, अभियंता कार्यालयाच्या लेखी आदेशाप्रमाणे. शेवटी मामांची वळणदार सही. फोनचा उल्लेख नाही, चार फेऱ्यांचाही नाही.

म्हणजे खात्याने वस्तीला भरपूर पाणी द्यायला सांगितलं होतं, मामांनी ते द्यायचं सोडून वहीत खोटं लिहिलं, आणि बोंब झाल्यावर वही लपवली. असा सरळ अर्थ निघत होता. आयुक्तांनी तो काढलाही. “आता तरी पान लिहा,” ते म्हणाले.

बाईंना तो अर्थ पटत नव्हता. खोटं लिहून ठेवलेली वही मामांना वाचवणारी होती. मग ती लपवायची कशाला? कपाटातच राहू दिली असती तर सुनावणीत मामा ताठ मानेने उभे राहिले असते. ही वही लपवल्याने एकाच माणसाचं नुकसान होत होतं, आणि ती त्याच्याच पेटीत सापडली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

मंगळवारी सकाळी त्या मामांना घेऊन टेकडी चढल्या. वाटेत चारदा थांबल्या. वहीत काय लिहिलंय हे त्यांनी मामांना मुद्दामच सांगितलं नव्हतं.

“वस्तीचा व्हॉल्व्ह मला पूर्ण उघडून दाखवा.”

मामा चेंबरच्या कडेला उभे राहिले. मोठी लोखंडी चावी भिंतीला टेकून ठेवलेली होती. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. “मी निलंबित आहे, बाई. हात लावला तर आणखी एक कलम लागेल.”

“मग मी फिरवते. तुम्ही मोजा.”

बाईंनी पदर खोचला, चावी दांड्यावर बसवली आणि सगळा भार टाकून फिरवायला लागल्या. चार झाल्यावर त्या थांबल्या. खालून नळात बारीक खळखळ ऐकू येत होती. इतकंच पाणी चार हजार माणसांना, तीन वर्षं. त्यांना राग आला, आणि रागाने पुढचे पाच फेरे सोपे गेले. बारा, तेरा, चौदा. दंड भरून आले. सतराव्या फेऱ्याला चावी थांबली ती थांबलीच.

“अडकला?”

“नाही, संपला. सतरालाच पूर्ण उघडतो. नवा बसवला तेव्हापासून.”

“आणखी सात फेरे बसणार नाहीत?”

मामा पहिल्यांदाच हसले. “कुठून आणायचे बाई? जोर केलात तर दांडा मोडेल.”

खाली वस्तीतून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला, मग आणखी काही आवाज. माणसं आनंदाने ओरडतात तसे होते. मामांनी बाईंकडे पाहिलं. “परत चारवर आणायचा?”

“मला बंद करता येत नाही,” बाई म्हणाल्या. मग चावी पुन्हा भिंतीला टेकवून त्या उतरायला लागल्या. कपाटातली वही कुणी पळवली आणि पेटीतली कुणी लिहिली, ते त्यांना कळलं होतं.

४

आधी त्या अभियंता साहेबांकडे गेल्या. “सापडलेली वही तुम्ही पाहिलीत?”

“काल दाखवली मला.”

“नवा व्हॉल्व्ह तुमच्या देखत बसला. सतरा फेऱ्यांचा. वहीत रोज चोवीस लिहिलेत. तुम्हाला खटकलं नाही?”

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. “खटकलं.”

“मग?”

“मला कुणी विचारलं नव्हतं.” मग ते पुढे म्हणाले, “माझ्या दोन मुली शिकतायत. सभापतींनी माझी बदली कुठे केली असती, सांगू?”

बाईंना त्यांची कीव आली आणि चीडही आली. पण चोर ते नव्हते. तिथून त्या कारकुनाच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि समोर बसल्या.

“ती वही लिहिणाऱ्याने चोवीस लिहिले,” त्या म्हणाल्या. “मामा तसं लिहिणार नाहीत, त्यांचे हात सव्वीस वर्षं त्या दांड्यावर आहेत. अभियंता लिहिणार नाहीत, व्हॉल्व्ह त्यांनीच बदलला. सभापतींना कपाटाची किल्लीही नाही आणि मामांचं अक्षरही येत नाही. चोवीस लिहील तो या भिंतीवरचा नकाशा खरा मानणारा माणूस. नकाशावर अजून जुनाच व्हॉल्व्ह आहे.”

कारकुनाने मागे वळून नकाशाकडे पाहिलं. 

“तुम्ही मामांसारखं नुसतं ‘पूर्ण’ लिहिलं असतं, तर मला काही सापडलं नसतं. पण आकड्याच्या रकान्यात शब्द लिहिणं तुमच्या जिवावर येतं.”

“हा पुरावा नाही, मॅडम,” तो कसंबसं म्हणाला.

“नाही. पुरावा म्हणजे खरी वही. ती तुम्ही जाळली असेल असं सगळ्यांना वाटेल. मला वाटत नाही. तुमच्याकडून एक चिठ्ठी हरवलेली नाही, हे मला अगदी खरं वाटतं. मोडीत काढायच्या कागदांची यादी द्या जरा.”

आता त्याची पाचावर धारण बसली. सरकारी कागद वाटेल तेव्हा जाळता येत नाही. तो यादीत चढवायचा, यादीवर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या व्हायच्या, मगच त्याचा निकाल लागायचा. कारकुनाने यादी पुढे केली. एकशे बाराव्या ओळीची शाई ताजी होती. ‘पाणी सोडण्याची वही, नग एक.’

गठ्ठा खिडकीखालीच होता. वरच्या फायली बाजूला केल्यावर निळा पुठ्ठा दिसला. आत मामांचं अघळपघळ अक्षर. वस्ती चार, तोंडी आदेश, सभापती कार्यालय, सकाळी सहा वाजून पाच. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच.

“सभापती कायम करू म्हणाले होते. दुसरी वही वर त्यांच्या माणसाने नेऊन ठेवली,” कारकून खाली बघत म्हणाला. “घरात सहा माणसं आहेत, मॅडम. एका खोलीत. आम्हीही टँकरचंच पाणी विकत घेतो, वस्तीच्या टोकाला.”

“आणि तरी केलंत?”

“नोकरी पक्की झाली की तिथून निघता येईल म्हणून केलं.”

 बाईंनी वही पिशवीत घातली आणि सरळ आयुक्तांचं दार ठोठावलं. पण आयुक्तांना सगळं आधीच कळलं होतं, आणि ते हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत होते.

५

“शाब्बास,” ते म्हणाले. “कारकुनाला आजच काढतो. तुमचा मामा निर्दोष, उद्यापासून कामावर. पेन्शन अबाधित. तेवढं फोनचं मात्र गाळा.”

“तीन वर्षांच्या नोंदी आहेत, साहेब.”

“तोंडी आदेश सिद्ध होत नसतो. तुम्ही नाव घेतलंत की प्रकरण वरच्या आयोगाकडे जाणार. चार वर्षं, पाच वर्षं. तोवर मुख्य साक्षीदार निलंबित, पुढे पेन्शनही अडकलेली. ते तुम्हाला हवंय का?”

बाई जिन्याखालच्या खोलीत येऊन बसल्या. आयुक्तांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच खरी अडचण होती.

त्यांनी आजवर किती अहवाल लिहिले? कधी सापडायचा शिपाई, कधी कारकून, कधी चावीवाला. खालच्या माणसाचा हात कुठेतरी उमटलेला असतोच, कारण काम तोच करतो. वरचा माणूस नुसता फोन उचलतो. एका माणसाला काढलं की दुसरा येतो आणि फोन चालूच राहतो. सभापती वाईट होते म्हणून हे घडलं असं म्हणून बाईंना सुटता येईना. उद्या चांगला सभापती आला तरी त्याच्याही हाताशी तोच फोन असणार होता, आणि वही त्याच कपाटात जाणार होती.

त्यांनी दोन अहवाल लिहिले. पहिला एका पानाचा, आयुक्तांना हवा तसा. दुसरा नऊ पानांचा, सगळ्या नोंदींसह, सभापतींच्या नावासह. त्याच्या शेवटी ‘दक्षता घ्यावी’ हे वाक्य नव्हतं. तोंडी आदेशावर व्हॉल्व्ह फिरवू नये. रोज किती फेरे सोडले आणि कुणी सांगितलं, हे वस्तीच्या चौकात फळ्यावर लिहावं. वही खात्याच्या कपाटात ठेवू नये, जे पाणी पितात त्यांच्याकडे ठेवावी.

लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण सही करू आणि मोकळ्या होऊ. पण पाच वर्षं पगार-पेन्शनविना बसणार होते ते मामा. त्यांना न विचारता शूर होणं सोपं होतं. बाईंनी दोन्ही अहवाल घेतले आणि त्या वस्तीकडे निघाल्या.

६

मामांचं घर गल्लीत चौथं. शेजारचं दार कडी घालून बंद होतं. दारावरून जाणाऱ्या बाया मामींकडे बघत नव्हत्या, आणि मामीही त्यांच्याकडे बघत नव्हत्या. दुपारचे तीन वाजले होते. सकाळी भरलेली सगळी भांडी ओळीने मांडून ठेवली होती. वाटी आणि तांब्यासुद्धा.

बाईंनी काही न लपवता दोन्ही अहवालांचं सांगितलं. पहिल्याने काय होईल, दुसऱ्याने काय होईल. “तुम्ही म्हणाल तो देते,” त्या म्हणाल्या. “मनापासून सांगते, पहिला घेतलात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.”

 मामांनी विचारलं, “पहिल्यात वस्तीला किती फेरे?”

बाईंनी पान पाहिलं, खरं तर पाहायची गरज नव्हती. “त्यात त्याबद्दल काही नाही.”

“मग दुसरा.”

“अहो, नीट विचार करून बोला,” मामी म्हणाल्या.

“तीन वर्षं विचारच केला ना.” मामा बाईंकडे वळले. “पण त्यात एक राहिलंय, बाई. माझं.”

“तुमचं काय? तुमची चूक नाही, हेच तर लिहिलंय पहिल्या ओळीत.”

“ती ओळ काढा. फोन त्यांनी केला, पण चावी मी फिरवली. रोज. चारला थांबायचो. खाली नळावरच्या रांगेत ही दिसायची मला वरून. मी वहीत लिहायचो आणि मला वाटायचं, लिहिलं म्हणजे झालं, आपण सुटलो. एकदाही पाचवा फेरा दिला नाही, बाई. एक दिवसही नाही. ते लिहा.”

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मामा, असं लिहून दिलंत तर पेन्शन नुसती अडकणार नाही. जाईल.”

मामांनी बायकोकडे पाहिलं. ते काही विचारत नव्हते, पण उत्तराशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं. मामी उठल्या. बाईंना वाटलं, आता त्या आत निघून जातील. त्यांनी कोपऱ्यातला पाट ओढला आणि बाईंच्या शेजारी, कागद दिसेल असा टाकला.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “मी ऐकते. कोण कधी आजारी पडलं ते यांना नीट सांगता यायचं नाही, हे वर असायचे.”

बाईंनी पहिली ओळ खोडली आणि नवीन कागद घेतला.

“शेजारणीपासून सुरू करा,” मामी म्हणाल्या. “आधी ती गेली.”